पाणलोट आणि गायरान : आपल्या तरुणांसाठी एक कार्यक्षेत्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. मुलाला कुठे घालायचे, मुलीला काय शिकवायचे? शिक्षक, नर्स, पोलीस, बँक, रेल्वे, तलाठी ही नावे सर्वांना पाठ आहेत. आरक्षणाच्या आधाराने आपल्या दोन पिढ्या याच वाटांनी वर आल्या, हे कोणी नाकारणार नाही. परंतु आता एकेका जागेसाठी हजारोंनी अर्ज येतात आणि भरतीची वाट पाहण्यात मुलांची उमेदीची वर्षे निघून जातात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका वेगळ्या कार्यक्षेत्राची ओळख करून देत आहोत. ते आहे पाणलोट विकास आणि सामाईक जमिनींचे संवर्धन करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे. आपल्या अनेक माता-भगिनींनी रोजगार हमीच्या मस्टरवर अंगठा देऊन ज्या डोंगरावर चर खोदले, त्याच डोंगराचा आराखडा करणाऱ्यांमध्ये त्यांची मुले असावीत, हा या लेखामागचा हेतू आहे.

हे क्षेत्र आपले कसे?

पाण्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते सार्वजनिक पाण्यावरील माणसाचा हक्क सिद्ध करण्यासाठी. तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे व वीज हे विषय तेव्हा त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली, आणि १९४५ साली मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस आहे. नदीचा विचार एका गावापुरता किंवा एका प्रांतापुरता न करता संपूर्ण खोऱ्याचा करावा, ही दृष्टी त्या कामात होती.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेल्या तंट्यात दाखवले आहे, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आपल्या महाराष्ट्रातील कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेणी पाहायला गेल्यास खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. सामान्य उपासक-उपासिकांनी अशा पोढी संघाला दान दिल्याच्या नोंदी तेथे आहेत. पावसाचे पाणी अडवून साठवणे हे त्या काळी पुण्यकर्म मानले जाई.

जमिनीचा प्रश्नही आपलाच आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुढे १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो माणसे तुरुंगात गेली. पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी, ही त्यांची मागणी होती.

पाणलोट म्हणजे काय?

ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस वाहत येऊन एकाच ओढ्याला किंवा नाल्याला मिळतो, त्या क्षेत्राला पाणलोट क्षेत्र म्हणतात. एक साधे गणित करून पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी पन्नास लाख लिटर. म्हणजे पाचशे हेक्टरच्या लहानशा पाणलोटातसुद्धा वर्षाला अडीचशे कोटी लिटर पाणी पडते. तरीही त्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, कारण उघड्या डोंगरावरून पाणी मातीसकट वाहून जाते.

त्यावरील उपाय ‘माथा ते पायथा’ या क्रमाने करावयाचा असतो. माथ्यावर समतल चर, उतारावर गवत व झाडे, घळीत अनगड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यात माती किंवा सिमेंटचा बांध. साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. एका हेक्टरमध्ये असा चारशे मीटर चर खोदला तर तो एकदा भरला की ७२ हजार लिटर पाणी थांबते. ते मुरल्यावर चर पुढच्या पावसाला पुन्हा रिकामा. हा क्रम उलटा करून आधी नाल्यात बंधारा बांधला, तर वरची माती येऊन तो लवकर गाळाने भरतो. चराची पातळी चुकली तर पाणी एकाच टोकाला जमून चर फुटतो. म्हणून या कामात शिकलेल्या माणसाची गरज असते.

लाभ कोणाला, तोशीस कोणाला?

आता खरा प्रश्न. डोंगरमाथ्यावर मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींत उतरते. विहिरी ज्यांच्या जमिनीत, पाणी त्यांचे. भूमिहीनाला चर खोदण्याची मजुरी मिळते, आणि काम संपले की तीही थांबते. उलट डोंगरावर आणि गायरानात चराईबंदी लागू होते, तेव्हा पहिला घाव ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत त्याच्यावर बसतो. म्हणजे ज्याच्या श्रमातून गावाला पाणी मिळाले, त्याच्याच घरची शेळी बाजारात जाते.

हे टाळता येते, हेही या महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला. उसाला बंदी होती आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मान्य केला होता. चराईबंदीचेही तसेच आहे. सगळे गायरान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करावे, आणि बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा, असा ठराव ग्रामसभेत करून घेता येतो. पण तो मांडणारा कोणीतरी तेथे हवा.

गायरानाची बाब याहून नाजूक आहे. अनेक गावांत आपली कुटुंबे वर्षानुवर्षे गायरानाचा तुकडा कसून पोट भरतात. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश राज्यांना दिला. मात्र शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात नमूद आहे. पहिले वाक्य गावोगाव पोहोचले, दुसरे वाक्य अनेकांनी वाचलेच नाही. गायरानावर वृक्षलागवडीचा प्रस्ताव येतो, तेव्हा आराखडा करणाऱ्याला हे दुसरे वाक्य ठाऊक असेल आणि अतिक्रमणाची नोंद असलेला गाव नमुना १-ई पाहण्याची सवय असेल, तर एखाद्या कुटुंबाची भाकरी वाचते. गायरान राखले पाहिजे यात वाद नाही. त्याची किंमत सर्वांत दुबळ्याने मोजू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

संस्था कोणत्या, योजना कोणत्या?

उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. अंबाजोगाईची ‘मानवलोक’ ही संस्था डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली उभी केली. फादर हरमन बाखर यांच्या पुढाकाराने आलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘पाणी फाउंडेशन’ने श्रमदानाच्या स्पर्धेद्वारे हे विषय घरोघरी नेले. सामाईक जमिनींच्या क्षेत्रात आणंद येथील ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ २००१ पासून काम करते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. त्यानंतर अनेक गावांच्या ग्रामसभांना जंगलाची मोजणी, नोंदी व व्यवस्थापन आराखडा करून देणाऱ्या कार्यकर्त्यांची गरज निर्माण झाली.

केंद्र शासनाच्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांत दोन तरतुदी आहेत, त्या विद्यार्थ्यांनी पाठच कराव्यात. पहिली, पाणलोट विकास पथकात किमान चार जाणकार सदस्य असावेत आणि त्यांत किमान एक स्त्री असावी. दुसरी, गावच्या पाणलोट समितीत किमान दहा सदस्य असावेत आणि त्यांतील निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व भूमिहीन यांचे प्रतिनिधी असावेत. पुढे २०२१ साली योजनेचा नवा टप्पा सुरू झाला, तेव्हा खर्चाचे मान सपाट भागात हेक्टरी २२ हजार व डोंगराळ भागात २८ हजार रुपये ठरले. म्हणजे पाचशे हेक्टरच्या कामात एक कोटीहून अधिक रक्कम गावात खर्च होते. तिचा हिशेब कोण ठेवतो, याला महत्त्व आहे.

कामे कोणती?

१) समूह संघटक : गावात राहून बैठका घेणे, शिवारफेरी काढणे, ग्रामसभेची तयारी करणे. समाजकार्याची पदवी उपयोगी पडते, पण बोलण्याची हातोटी आणि ऐकून घेण्याचा संयम अधिक उपयोगी.

२) तांत्रिक पर्यवेक्षक : समतल रेषा आखणे, मोजमाप घेणे, अंदाजपत्रक करणे. कृषी पदविका किंवा स्थापत्य पदविका असलेल्यांसाठी.

३) नकाशा व माहिती साहाय्यक : उपग्रह नकाशे वाचणे, संगणकावर आराखडा काढणे. ‘क्यूजीआयएस’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. भूगोलाच्या पदवीधरांना येथे चांगली संधी आहे.

४) भूजल जाणकार : विहिरींची पातळी नोंदवणे, खडकाचे थर ओळखणे. भूशास्त्राचे शिक्षण आवश्यक.

५) लेखापाल व समिती सचिव : वाणिज्य शाखेच्या मुला-मुलींसाठी.

६) उपजीविका संघटक : बचत गट, शेळीपालन, कुक्कुटपालन. भूमिहीनांशी सर्वांत जवळचा संबंध याच पदाचा येतो.

शिक्षणासाठी राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार कृषी विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न विद्यालये आहेत. समाजकार्यासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था व तिचे तुळजापूर येथील केंद्र, तसेच पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आहे. छत्रपती संभाजीनगर येथील ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापनाची शासकीय प्रशिक्षण संस्था १९८० पासून आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि पुण्याच्या ‘बार्टी’च्या योजनांची चौकशी वेळेवर करावी.

अडचणी लपवून उपयोग नाही

पालकांना आम्ही स्पष्ट सांगतो की हे सरकारी नोकरीसारखे नाही. सुरुवातीचे वेतन बेताचे असते. नेमणूक बहुधा प्रकल्पापुरती असते, आणि प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो. खासगी विश्वस्त संस्थांतील नोकऱ्यांना आरक्षण लागू नाही. गावात खोली भाड्याने घेताना आजही आडनाव विचारले जाते. मुलींच्या बाबतीत मुक्काम आणि प्रवास यांची काळजी घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे.

म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. संस्था नोंदणीकृत आहे का आणि तिचे लेखापरीक्षण दरवर्षी होते का? लेखी नेमणूकपत्र मिळते का? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? मागील प्रकल्पातील गावकरी संस्थेबद्दल काय बोलतात? मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत आणि नोकरीसाठी अनामत म्हणून पैसे देऊ नयेत.

या अडचणींबरोबर एक लाभही आहे. पाच वर्षे असे काम केलेल्या तरुणाला सातबारा, नकाशा, अंदाजपत्रक, ग्रामसभा आणि हिशेब या सर्व गोष्टी समजू लागतात. हे ज्ञान त्याला पुढे कोणत्याही नोकरीत, स्पर्धा परीक्षेत किंवा सरपंचपदावरही उपयोगी पडते. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते स्वतःपुरते नव्हते. ज्या मुलाला वा मुलीला शिकलेली विद्या आपल्याच गावाच्या शिवारात वापरायची आहे, तिच्यासाठी हे दार उघडे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

(संस्थेच्या अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांनी गट करून उत्तरे तयार करावीत.)

१) आपल्या मूळ गावाचे क्षेत्रफळ व सरासरी पाऊस शोधून गावात वर्षाला किती लिटर पाणी पडते, ते काढा.

२) गावात गायरान किती आहे? त्यावर कोण गुरे चारतो, कोण शेती करतो? गाव नमुना १-ई मध्ये कोणाची नोंद आहे?

३) चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत आला तर भूमिहीन कुटुंबांच्या वतीने कोणती दुरुस्ती सुचवाल? ती लिहून काढा.

४) गावात पाणलोट समिती असल्यास तिच्या सदस्यांची यादी मिळवा आणि निम्म्या सदस्यांची अट पाळली आहे का, ते तपासा.