सेंद्रिय सौरघट आणि जस्ताच्या ऑक्साइडचे सूक्ष्मकण

सौरघट म्हटले की काचेखालील सिलिकॉनच्या निळसर चकत्या डोळ्यांसमोर येतात. तथापि, कार्बनी संयुगांपासूनही असे घट तयार करता येतात. त्यांना सेंद्रिय सौरघट म्हणतात. शाईसारखे द्रावण पसरून ते हलक्या व लवचिक पटलावर छापता येतात. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे संशोधक चिंग टँग यांनी १९८६ मध्ये द्विस्तरीय सेंद्रिय घटाची माहिती प्रसिद्ध केली. त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. आज प्रयोगशाळांतील लहान घटांनी १९ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे.

अडचण कोठे?

सेंद्रिय द्रव्याने प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन व त्याने सोडलेली रिक्त जागा यांची जोडी निर्माण होते. साधारणतः १० नॅनोमीटरच्या आत ती फुटली नाही, तर विरून जाते. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे १ नॅनोमीटर. शिवाय, सुटलेला इलेक्ट्रॉन योग्य अग्राकडे पोहोचला नाही, तर तोही वाया जातो.

ऑक्साइडचे कार्य

मलमांत व रबराच्या उद्योगात वापरले जाणारे जस्ताचे ऑक्साइड येथे उपयोगी पडते. त्याच्या नॅनोकणांचा पातळ थर इलेक्ट्रॉनांना वाट देतो आणि रिक्त जागांना अडवितो. फार उष्णता न देता तो द्रावणातून पसरता येतो. पूर्वीच्या अनेक घटांत कॅल्शियमसारखा, हवा व ओलाव्याने लवकर बिघडणारा धातू वापरीत. ऑक्साइडच्या थरामुळे घटाची रचना उलट करून त्याऐवजी चांदी वापरणे शक्य झाले. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधकांनी २००४ मध्ये हे कण थेट बहुवारिकात मिसळून सुमारे १.६ टक्के कार्यक्षमता मिळविली.

गुणाबरोबर दोष

मात्र अतिनील किरणांत हेच ऑक्साइड लगतच्या सेंद्रिय द्रव्याचे विघटन घडवून आणू शकते. यासाठी कणांच्या पृष्ठभागावर संरक्षक रेणूंचे आवरण देणे, किंवा कथिलाचे ऑक्साइड वापरणे, असे उपाय योजले जातात.

सिलिकॉनच्या पॅनेलांना सामान्यतः २५ वर्षांच्या उत्पादनक्षमतेची हमी दिली जाते. उघड्या उन्हापावसात इतका टिकाऊपणा सेंद्रिय घटांना अद्याप सिद्ध करावयाचा आहे. म्हणून शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या छपरासाठी असा घट पुढे आल्यास, कार्यक्षमता किती, एवढे विचारून थांबणे योग्य नव्हे. ती किती वर्षे टिकेल, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय.