कांचेवरील सही व जमिनीचे कागद

उरण-पनवेलकडील शेतकऱ्यास सहीचें मोल सांगावयास नको. नव्या मुंबईसाठीं 1970 नंतर द्रोणागिरी परिसरांतील जमिनी संपादन झाल्या. 1984 सालच्या आंदोलनांत पांच शेतकरी गोळीबारांत पडले, तेव्हां पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरीं आला. अशा भूखंडाचा करार किंवा वारसांचें संमतिपत्र कोणी टॅबलेटवर पुढें करून ‘येथें बोट फिरवा’ म्हणाल्यास काय करावें?

कांचेवर बोटानें काढलेली सही हें नुसतें चित्र होय. तें उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवितां येतें. तथापि तिला खेळ समजूं नये. तिजवरूनही संमतीचा दावा उभा राहूं शकतो. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें मान्य केलेली डिजिटल सही निराळी. तींत सबंध मजकुराचा गणितानें एक संक्षिप्त ठसा काढून तो सही करणाराच्या गुप्त किल्लीनें बंद करितात. मागाहून क्षेत्राचा एक आंकडा बदलला, तरी तपासणींत ठसा जुळत नाहीं. लखोट्यावरील लाखेची मोहोर फुटावी, तसेंच हें. महाराष्ट्रांत 2018 पासून मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा याच जातीचा. आधारावरील ई-सही बहुधा मोबाईलवर आलेल्या अंकांनीं होते. ते अंक मध्यस्थास सांगणें म्हणजे कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उठविणेंच.

टॅबलेटवर मजकुराच्या कडेस टिपा लिहितां येतात, ही सोय खरोखर चांगली. सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, वारसांचीं नांवें हीं आपल्या उताऱ्याशीं ताडून पाहावीं व चूक तेथेंच खुणावावी. परंतु टीप म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती मजकुरावर ठेवलेल्या पातळ पापुद्र्यासारखी असते आणि सहज काढून टाकतां येते. यास्तव दुरुस्ती मूळ मजकुरांतच करून घ्यावी, नवी प्रत अथपासून इतिपर्यंत वाचावी, मगच सही. घाई करणाराचा कागद तर दोनदां वाचावा.

मृत्युपत्रास हा कायदा लागू नाहीं, व बँकांसारख्या संस्थांचे कांहीं अपवाद सोडल्यास कुलमुखत्यारपत्रासही नाहीं. जमिनीच्या खरेदीखतास तर 1908 च्या कायद्याप्रमाणें नोंदणी लागतेच.

सही होतांच मूळ फाईल मागून घ्यावी. छापील प्रतीवर सहीचें चित्र उमटतें, पण मोहोर फाईलींतच राहते.