दिवे चालू, लेन रिकामी, मग खेळायला का मिळत नाही?

प्रश्न : ओहायोतल्या एका छोट्या गावात राहायला येऊन आम्हाला वर्ष होत आलं. गावात आठ लेनचं एक जुनं बोलिंग ॲली आहे. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मुलांना घेऊन तिथे गेलो. रात्री दहापर्यंत उघडं, अशी दारावर पाटी होती. आत दोन लेन रिकाम्या दिसत होत्या. तरीही काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आज लेन नाही. मुलं हिरमुसली. बायकोच्या मनात आलं, आपल्याला पाहून तर असं सांगितलं नाही ना? पुण्याच्या मॉलमध्ये कधीही जावं, पैसे भरावेत आणि खेळावं. इथे असं का?

उत्तर : तुम्ही गेलात ती लीगची वेळ होती. अमेरिकेतल्या छोट्या गावातलं बोलिंग ॲली पाटीवरच्या वेळांनी चालत नाही, ते लीगच्या आठवड्यानं चालतं. कुणी गॅरेजवाले, कुणी शिक्षक, कुणी एकाच चर्चमधली जोडपी चार-चार, पाच-पाच जणांचे संघ करतात, आठवड्यातली एक रात्र ठरवतात आणि त्या रात्री तीन-तीन गेम खेळतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे असतो, त्याच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि एप्रिलच्या सुमारास संपतो. तीसेक आठवडे ती रात्र आणि त्या लेन त्यांच्याच. डेक्कन क्वीनच्या पासधारकांच्या डब्यात एखादा पाहुणा भर गर्दीच्या दिवशी शिरला, तर जागा रिकामी दिसूनही ती कुणाची तरी असते, तसंच हे.

आता त्या दोन रिकाम्या लेनचं. लीगचा सामना एका लेनवर होत नाही, जोडीवर होतो. एक संघ डाव्या लेनवर, दुसरा उजव्या, आणि प्रत्येक डावाला अदलाबदल. दोन्ही लेनचा तेलाचा थर, लाकडाची किंवा कृत्रिम पाटांची झीज थोडी निराळी असते, तिचा फायदा एकालाच मिळू नये म्हणून ही पद्धत. त्यामुळे जोडीतली एक लेन नादुरुस्त झाली की दुसरीही सामन्याला निरुपयोगी ठरते. शिवाय बहुतेक ठिकाणी लेनच्या जोडीला चेंडू परत आणणारी घसरगुंडी एकच असते. कधी एखादा संघ उशिरा पोचायचा असतो, कधी पुढच्या आठवड्यात गावाला जाणारा कुणी आपले गेम आधीच खेळून घेणार असतो. आणि कधी लीगच्या शेजारची जोडी मुद्दाम मोकळी सोडतात. नेम धरून उभा असलेला माणूस पाऊल टाकायच्या बेतात असताना शेजारी सहा वर्षांचं मूल आनंदानं धावत सुटलं, तर दोघांचाही विरस होतो.

तुमच्या पत्नींची शंका मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे. अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही खेळाचे नियम ठरवणारी संस्था १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, आणि तिच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांना द्यायचा नियम होता. मोटार कामगारांची संघटना आणि नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांनी रेटा लावला तेव्हा कुठे १९५० साली तो निघाला. साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्ग गावातल्या एकमेव बोलिंग ॲलीत त्यानंतरही काळ्या लोकांना खेळू देत नसत. त्याविरुद्ध तिथल्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. ८ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री महामार्ग पोलिसांनी कॉलेजच्या आवारात गोळीबार केला आणि सॅम्युएल हॅमंड, हेन्री स्मिथ आणि डेलानो मिडलटन हे तीन तरुण मारले गेले. बोलिंग ॲलीचं दार कुणासाठी उघडं, या प्रश्नावर माणसांनी जीव दिलेत. तेव्हा शंका येणं गैर नाही. तुमच्या बाबतीत मात्र बुधवार, ऑक्टोबर, साडेसहा आणि आठपैकी सहा लेनवर सामने, हे सगळं लीगकडे बोट दाखवतं. खात्री करायची तर सोपा उपाय आहे. फोन करून विचारा, ‘ओपन बोलिंग कधी असतं?’ जे लीगमध्ये नाहीत त्यांच्या खेळण्याला ‘ओपन बोलिंग’ म्हणतात. तुम्हाला वार आणि वेळ नेमकी सांगितली, तर विषय मिटला.

मालक लीगला एवढं का जपतात, ते हिशोब मांडला की कळतं. आठ लेन, प्रत्येक लेनवर चार जणांचा एक संघ, म्हणजे ३२ माणसं. प्रत्येकाचे तीन गेम धरले तर एका रात्रीत ९६, आणि ३२ आठवड्यांत ३,०७२ गेम. तेही आठवड्यातल्या एकाच रात्रीचे. बर्फ पडो, टीव्हीवर फुटबॉलचा मोठा सामना असो, हे गेम ठरलेले. एखादा आला नाही तरी बहुतेक लीगमध्ये त्याची त्या आठवड्याची वर्गणी द्यावीच लागते. तुमच्या-माझ्यासारखं कुटुंब महिन्यातून एकदा, मनात आलं तर येणार. त्याच्या भरवशावर विजेचं बिल भरता येत नाही. रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्राच्या अभ्यासकानं १९९५ मधल्या आपल्या गाजलेल्या लेखात आणखी एक गोष्ट टिपली होती : लीगवाले एकट्यादुकट्या खेळाडूंच्या तिप्पट बिअर आणि पिझ्झा घेतात, आणि या धंद्यातला पैसा चेंडू-बुटांत नसून तिथेच आहे. त्याच लेखात त्यानं दाखवलं की १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे सुमारे १० टक्क्यांनी वाढले, लीगमध्ये खेळणारे मात्र ४० टक्क्यांनी घटले. छोटी ॲली बंद पडत गेली त्यात या घटीचा मोठा वाटा आहे. तुमच्या गावातलं अजून चालू आहे, ते त्या बुधवारच्या माणसांनी चालू ठेवलं आहे. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

लीगच्या आधीचा तासभरही तुमच्या हाती लागत नाही, याचं कारण तेल. फाऊल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून चेंडू सोडायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब असते. त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर यंत्रानं खनिज तेलाचा अगदी पातळ थर देतात, पुढचा भाग कोरडा ठेवतात. चेंडू तेलावरून घसरत जातो, कोरड्यात पोचला की पकड घेतो आणि वळतो. चांगल्या खेळाडूंचा सगळा खेळ या वळणावर. जसजसे चेंडू पडतात तसतसं तेल पुसलं जातं, पुढे ओढलं जातं, आणि दुपारी मुलांनी मनसोक्त खेळून घेतलेल्या लेनवर संध्याकाळी नेम लागेनासा होतो. म्हणून लीगच्या आधी लेन पुसून नव्यानं तेल देतात. यंत्राला दर लेनमागे एक-दोन मिनिटं पुरतात, पण ते एका लेनवरून दुसरीवर उचलून ठेवणारा माणूस एकटाच असतो, आणि बऱ्याचदा तोच मालक असतो, तोच यंत्रं दुरुस्त करणारा, तोच स्वयंपाकघरात फ्रेंच फ्राइज तळणारा. मग खेळाडूंचा सराव. साडेसहाच्या लीगसाठी साडेपाचलाच ओपन बोलिंग थांबवलं, तर त्यात आडमुठेपणा नाही.

वेळांचं हे गणित पूर्वी याहून अवघड होतं. पिना उभ्या करायला मुलं ठेवलेली असत, त्यांना पिनबॉय म्हणत. पडलेल्या पिना उचलून रचायच्या, चेंडू परत ढकलायचा, पुढचा चेंडू यायच्या आत उडी मारून कठड्यावर बसायचं. मुलं आली नाहीत तर खेळ बंद. एएमएफ कंपनीनं १९४६ साली बफेलोमध्ये आपोआप पिना लावणारं यंत्र लोकांना दाखवलं आणि १९५२ पासून ही यंत्रं धंद्यात आली. मग बोलिंग ॲलीचा दिवस लांबला. कारखान्यांच्या गावांत रात्रपाळी संपवून आलेल्या कामगारांच्या सकाळच्या लीग सुरू झाल्या. काही ॲली चोवीस तास चालत. घरी असणाऱ्या बायकांसाठी सकाळच्या लीग निघाल्या, आणि त्यांच्या मुलांसाठी तिथेच पाळणाघरं आली. मिल्वॉकीमधल्या हॉलर हाऊस या बारच्या तळघरात १९०८ पासूनच्या दोन लेन आहेत, तिथे यंत्र कधी बसलंच नाही, पिना माणसंच लावत आली. अशा ठिकाणी आधी ठरवूनच जावं लागतं.

यंत्रानं मुलांची जागा घेतली, पण मग यंत्राचा माणूस लागू लागला. छोट्या ॲलीत आजही पन्नास-साठ वर्षांपूर्वीची यंत्रं हजारो सुट्या भागांनिशी खडखडत असतात. ती जाणणारा माणूस हजर नसेल, तर एखादी पिन अडकताच ती लेन त्या दिवसापुरती गेली. आता दोरीला बांधलेल्या पिनांची यंत्रं येत आहेत. त्यांना दुरुस्ती आणि वीज दोन्ही कमी लागतं. खेळाचे नियम आता ठरवणाऱ्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसनं २०२३ साली या प्रकाराला स्वतंत्र गट म्हणून मान्यता दिली. पिना दोरीमुळे थोड्या वेगळ्या पडतात, म्हणून जुनेजाणते खेळाडू नाराज आहेत. पण सगळ्या लेन रोज चालू राहिल्या तर छोट्या मालकाला ते हवंच आहे, आणि मी या बाबतीत मालकाच्या बाजूनं आहे.

मग तुम्ही जावं कधी? रविवारी दुपारी, डोळे मिटून. शनिवारी सकाळी सहसा मुलांची लीग असते, तिथे तुमच्या मुलांना खेळताही येईल. कामाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास निवृत्त मंडळींची लीग असू शकते, आणि ओहायोत बोलिंग हा शाळांचा हिवाळी खेळ असल्यामुळे नोव्हेंबरनंतर शाळा सुटल्यावर संघांचा सराव असतो. शुक्रवारी-शनिवारी रात्री दिवे मंद करून, गाणी लावून खेळवतात. ती वेळ तरुणांची, गर्दीची, आणि बहुधा तासावर पैसे घेण्याची. एरवी छोट्या ठिकाणी माणशी दर गेमला पैसे घेतात. एका माणसाच्या एका गेमला साधारण दहा मिनिटं धरा. चौघांचे दोन गेम म्हणजे सव्वा ते दीड तास, त्यात बूट घेणं, धाकट्यासाठी हलका चेंडू शोधणं, नाल्यात चेंडू जाऊ नये म्हणून कडेचे कठडे वर करून घेणं. पाच वाजता लेन सोडायची असेल तर साडेतीनच्या आत पोचा. फोन करताना फक्त ‘उघडं आहे का’ एवढंच विचारू नका. ‘आत्ता लेन मिळेल का आणि किती वाजेपर्यंत’ असं विचारा.

आणि एक सुचवतो. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच काउंटरवर जाऊन विचारा, कुठल्या संघात माणूस कमी आहे का. बहुतेक वेळा असतो. खेळ येत नाही म्हणून संकोच करायचं कारण नाही, त्यासाठी हँडिकॅप आहे. समजा लीगचा नियम २२० मधून सरासरी वजा करून उरलेल्याच्या ९० टक्के गुण द्यायचा आहे. तुमची सरासरी ११० असेल तर प्रत्येक गेमला तुम्हाला ९९ गुण वरून मिळतील, २०० सरासरीच्या पट्टीच्या खेळाडूला फक्त १८. तुम्ही नेहमीपेक्षा २० पिना जास्त पाडल्यात तर त्याला हरवू शकता. परक्या गावात वर्षभर राहूनही शेजाऱ्यांशी हवापाण्यापलीकडे बोलणं होत नाही, ही तक्रार मला वाचकांच्या पत्रांत नेहमी दिसते. आठवड्यातून अडीच तास एकाच बाकावर बसून, एकमेकांच्या स्ट्राइकला टाळ्या वाजवून जी ओळख होते, ती दुसऱ्या कशानं सहज होत नाही. एवढं करून बुधवारी लेन मिळण्याचा प्रश्नही सुटेल.

प्रश्न : आमच्याकडचं बोलिंग ॲली हिवाळ्यात सातही दिवस उघडं असतं आणि ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातून तीनच दिवस. मुलं घरी असताना बंद ठेवण्यात काय शहाणपणा?

उत्तर : लीगचा हंगाम संपला की ठरलेली मिळकत थांबते, आणि उजेड रात्री नऊपर्यंत असताना लोक तळ्यावर, मैदानावर जातात. रिकाम्या हॉलमध्ये वातानुकूलन चालवणं महाग पडतं. शिवाय लेन घासणं, यंत्रं उघडून साफ करणं ही वर्षाची कामं याच काळात होतात. मात्र ‘किड्स बोल फ्री’ या उन्हाळी योजनेत तुमचं ॲली आहे का ते जरूर पाहा. नाव नोंदवलेल्या मुलांना दिवसाला दोन गेम फुकट मिळतात, बुटांचं भाडं तेवढं द्यावं लागतं. कोणत्या वारी आणि कोणत्या वेळात, हे प्रत्येक ॲली स्वतः ठरवतं.

प्रश्न : महाराष्ट्र मंडळाच्या साठेक जणांसाठी सगळं ॲली घेता येईल का?

उत्तर : येईल, आणि छोटा मालक आनंदानं देईल, लीग नसलेली वेळ धरलीत तर. रविवारची दुपार महिनाभर आधी सांगून ठेवा. एका लेनवर सहाच्या वर माणसं घालू नका, नाहीतर आपली पाळी यायला फार वेळ लागतो आणि लोक गप्पांत रमून खेळ सोडून देतात. आठ लेन असतील तर ४८ जण खेळतील, बाकीचे आळीपाळीनं. बाहेरचं जेवण चालेल का, हे आधी विचारा. खाण्यापिण्यावर त्यांचं पोट असतं, त्यामुळे पिझ्झा त्यांच्याकडूनच घ्या आणि बटाटेवड्यांची परवानगी मागा. बुटांची मापं आधी कळवलीत तर लहान मुलांचे जोड ते काढून ठेवतात. मोजे मात्र प्रत्येकानं घरून आणायचे.