थाई विद्यार्थ्यांना ‘हॅव’ शिकवताना

इंग्रजी शब्दकोशात ‘हॅव’खाली अर्थांची लांबलचक यादी असते. ती क्रमाने वर्गापुढे मांडली तर तास संपतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. थाई विद्यार्थ्याच्या मनात या शब्दाची जागा रिकामी नसतेच. तिथे ‘मी’ हे थाई क्रियापद आधीपासून बसलेलं असतं. त्याचा उच्चार आपल्या ‘मी’सारखा आहे, पण अर्थ ‘असणे, जवळ असणे’ असा आहे. बँकॉकच्या शाळेत शिकवायला निघालेल्या किंवा ऑनलाइन थाई मुलांना शिकवणाऱ्या मराठी शिक्षकाने सुरुवात या ‘मी’पासून करावी. पुढचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी आपली तयारी

वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःचं इंग्रजी तपासा. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. भाऊ, गाडी, पैसे, वेळ यांच्यासोबत ‘हॅविंग’ येत नाही. जेवण चालू असेल तर ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ बरोबर आहे. हे आधी पक्कं करायचं कारण असं, की थाई मुलं शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, हा आपलाच ‘गुरू’, आणि गुरूची चूक काढणं त्यांच्या रीतीत बसत नाही. तुम्ही जे बोलाल ते जसंच्या तसं वहीत उतरेल.

सामान फारसं लागत नाही: घराचं एक चित्र, कुटुंबाचं एक चित्र, बँकॉकचा नकाशा आणि दोन-चार छोटे आरसे.

पहिली पायरी: जवळ काय आहे?

कुटुंबाचं चित्र दाखवून ‘आय हॅव अ सिस्टर’ म्हणून घ्या. हे लगेच जमतं, कारण थाईतही कर्ता, मग ‘मी’, मग वस्तू असाच क्रम असतो. अडतं ते नकारात आणि उत्तरात. ‘नाही’ म्हणायला थाईत ‘माइ मी’ म्हणतात, त्यामुळे तोंडून ‘नो हॅव’ निघतं. ‘आहे का?’ या प्रश्नाला, ‘मी माइ?’ला, थाई माणूस नुसतं ‘मी’ असं उत्तर देतो, म्हणून इंग्रजीतही एकटं ‘हॅव’ येतं. (नकाराचा ‘माइ’ उतरत्या सुरात आणि प्रश्नाचा ‘माइ’ चढत्या सुरात म्हणतात. थाईत 5 सूर आहेत, ते कानाला बसायला वेळ द्या.) ‘डू यू हॅव अ पेन?’, ‘येस, आय डू’, ‘नो, आय डोन्ट’ हे संवाद जोड्या पाडून खऱ्या वस्तू मागत करून घ्या.

दुसरी पायरी: एका ‘मी’चे दोन भाग

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. थाईत ‘बँकॉकमध्ये खूप देवळं आहेत’ हे वाक्यसुद्धा ‘मी’नेच होतं. म्हणून मोठ्या वर्गातली हुशार मुलंही ‘इन बँकॉक हॅव मेनी टेंपल्स’ म्हणतात. मराठी शिक्षकाला ही अडचण आतून कळते. आपलं ‘आहे’ही दोन्ही कामं करतं: ‘मला बहीण आहे’ आणि ‘गावात नदी आहे’. फरक एवढाच, की मालक कोण ते आपण ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून सांगतो.

फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे मालक असलेली वाक्यं, उजवीकडे फक्त जागा असलेली. नकाशावर बोट ठेवून वाट अरुण, वाट फो ही देवळं आणि चाओ फ्राया नदी दाखवत वाक्यं घ्या. मग एकच गोष्ट दोन तऱ्हांनी म्हणायला लावा:

‘बँकॉक हॅज मेनी टेंपल्स.’
‘देअर आर मेनी टेंपल्स इन बँकॉक.’

नियम एका ओळीत सांगता येतो: वाक्यात ‘इन’ आलं, की ‘हॅव’ काढायचं आणि ‘देअर इज’ किंवा ‘देअर आर’ आणायचं. थाईतल्या ‘नाय’ला, म्हणजे ‘-मध्ये’ला, बांधलेला हा नियम सुरुवातीला पुरेसा आहे. ‘आय हॅव अ पेन इन माय बॅग’सारखी वाक्यं त्यात बसत नाहीत. तिथे मालक आहे, म्हणून ती डाव्या रकान्यातली. ती दुसऱ्या आठवड्यात घ्या. सरावाला थायलंडचे प्रांत घ्यावेत. बँकॉक धरून ते 77 होतात आणि प्रत्येक मुलाला आपल्या प्रांताबद्दल सांगायला काहीतरी असतंच.

तिसरी पायरी: शेवटचा आवाज

थाई शब्दाच्या शेवटी ‘व्ह’, ‘स’, ‘झ’, ‘ड’ हे आवाज टिकत नाहीत. ‘हॅव’चं ‘हॅप’ होतं. ‘हॅज’, ‘हॅड’ आणि टोपी या अर्थाचं ‘हॅट’, तिन्ही ‘हॅट’च ऐकू येतात. त्यातच थाई क्रियापद कर्त्याप्रमाणे किंवा काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ‘हॅज’ आणि ‘हॅड’ वेगळे का म्हणायचे हेच मुलांना पटलेलं नसतं. कानाला फरक कळल्याशिवाय व्याकरण शिकवू नका.

आरशात बघून खालचा ओठ वरच्या दातांखाली धरायचा, गळ्यावर हात ठेवायचा आणि कंप जाणवेपर्यंत आवाज लांबवायचा. याहून उपयोगी युक्ती म्हणजे शेवटचा आवाज पुढच्या स्वराला जोडणं: ‘हॅज अ’ऐवजी ‘हॅ-झॅ’, ‘हॅड अ’ऐवजी ‘हॅ-डॅ’. शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ आणि ‘ड’ थाई माणूस सहज म्हणतो. ‘झ’चा ‘स’ झाला तरी चालेल, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो.

चौथी पायरी: खाणं, मागणं, आजार

हे पटकन उरकता येतं. हॉटेलात काही मागताना थाई माणूस ‘खॉ’ म्हणून सुरुवात करतो, त्या जागी ‘कॅन आय हॅव’ ठेवायला सांगा. ‘डू यू हॅव कॉफी?’ ही चौकशी झाली आणि ‘कॅन आय हॅव अ कॉफी?’ ही मागणी, एवढं ठसवा. सर्दीला थाईत ‘पेन वत’ म्हणतात, त्यातल्या ‘पेन’चा अर्थ ‘असणे’, म्हणून ‘आय अ‍ॅम कोल्ड’ येतं. त्याचा अर्थ ‘मला थंडी वाजतेय’ असा होतो. ‘आय हॅव अ कोल्ड’ पाठच करून घ्या. ‘तोंग’ला, म्हणजे ‘करावं लागतं’मधल्या ‘लागतं’ला, ‘हॅव टू’ सरळ बसतं.

पाचवी पायरी: ‘लेव’ आणि ‘खोय’

आपल्याकडे जसं ‘जेवलात का?’, तसंच तिकडे ‘किन खाव रू यांग?’, म्हणजे ‘जेवलात की अजून नाही?’. उत्तर ‘किन लेव’, म्हणजे ‘जेवून झालं’. त्यातून ‘आय ईट ऑलरेडी’ तयार होतं. वाक्यात ‘लेव’ असेल, तर क्रियापदाआधी ‘हॅव’ आणा आणि क्रियापदाचं रूप बदला: ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’. ‘काल’सारखी ठराविक वेळ आली, तर ‘हॅव’ नको. ‘खोय’ म्हणजे ‘पूर्वी कधीतरी केलेलं’. त्यावरून मुलं ‘आय एव्हर गो टू फुकेत’ म्हणतात. ‘एव्हर’ प्रश्नासाठी ठेवा, उत्तरात ‘आय हॅव बीन टू फुकेत’. ‘जेवलो आहे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रचना सोपी वाटते, पण थाई मुलाला ती पूर्ण नवी आहे. घाई करू नका.

पारख

‘समजलं का?’ विचारू नका. ‘क्रेंग-जाय’पोटी, म्हणजे समोरच्याला त्रास नको या भावनेपोटी, सगळा वर्ग हो म्हणेल. त्यापेक्षा प्रत्येकाला आपल्या गावाबद्दल पाच वाक्यं बोलायला सांगा आणि नुसतं ऐका. ‘इन माय व्हिलेज हॅव’ ऐकू आलं, तर पुढे न जाता दुसऱ्या पायरीवर परत या आणि ते दोन रकाने पुन्हा काढा.