उलटणारा लॅपटॉप : घेण्यापूर्वीची पारख

पडदा पूर्ण मागे वळवून पाटीसारखा वापरता येणारा लॅपटॉप २०१२ मध्ये आलेल्या लेनोव्होच्या 'योगा'मुळे सर्वांच्या ओळखीचा झाला. असा लहान, मध्यम किमतीचा लॅपटॉप शिक्षणासाठी घ्यावा का, हे आपण तपासून पाहू.

वजन : १४ इंची यंत्र साधारण दीड किलोचे असते. टेबलावर ते ठीक. एका हातात धरले तर हात लवकर भरून येतो.

बॅटरी : ५० वॅट-तासांची बॅटरी व १० वॅट खर्च असेल तर ५० ÷ १० = ५ तास. पडदा उजळ केला की तास घटतात.

उष्णता : बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच वापर सुचवतात. आपल्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. म्हणून दुपारी जपून वापरावा. गादीवर ठेवू नये, हवेची भोके झाकली जातात.

मेमरी : ती बहुधा आत पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी.

मराठी : इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'एन' दाबल्यास ळ, 'जे' दाबल्यास ऱ उमटतो. दुकानातच 'दुसऱ्या शाळेत' असे लिहून पाहावे.

आमचे मत असे : चित्रे काढणाऱ्याला किंवा पडद्यावर पेनाने गणिते सोडवणाऱ्याला हा उपयोगी. केवळ लेखन-वाचनासाठी साधा लॅपटॉप पुरे. उरलेल्या पैशांत पुस्तके येतील.

स्वाध्याय : बॅटरी ४२ वॅट-तास, खर्च ७ वॅट. लॅपटॉप किती तास चालेल?