एका धावेचा सामना आणि दोन वर्षांचा करार

ठाणे-मुंब्र्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत होजिअरीचे कापड विकणारे, जर्सी शिवणारे आणि छापणारे आपले अनेक बांधव आहेत. क्रिकेटचा हंगाम आला की त्यांच्याकडे मागणी वाढते. ही मागणी किती दिवस टिकणारी आहे, हे ओळखता आले तर भांडवल वाचते. त्यासाठी २०१७ च्या आयपीएलमधील मुंबई इंडियन्स आणि रायझिंग पुणे सुपरजायंट यांची झुंज अभ्यासण्यासारखी आहे.

त्या वर्षी हे दोन शेजारी संघ चार वेळा समोरासमोर आले. ६ एप्रिलला पुण्यात पुणे ७ गडी राखून जिंकले. २४ एप्रिलला वानखेडेवर ३ धावांनी आणि १६ मे रोजी त्याच मैदानावर २० धावांनी पुन्हा पुणेच जिंकले. अमेरिकेत बेसबॉलचे अजिंक्यपद सात सामन्यांच्या मालिकेने ठरते. आधी चार सामने जिंकणारा संघ विजेता. आयपीएलमध्ये मात्र अंतिम सामना एकच. २१ मे रोजी हैदराबादला मुंबईचे ७९ धावांत ७ गडी बाद झाले होते. कृणाल पंड्याच्या ४७ धावांमुळे संघ १२९ पर्यंत पोहोचला. शेवटच्या षटकात पुण्याला ११ धावा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनच्या त्या षटकात ९ च झाल्या आणि तीन वेळा हरलेली मुंबई एका धावेने विजेती ठरली.

प्रेक्षक म्हणतील, पुण्याचे नशीब एका धावेने गेले. व्यापाऱ्याने मात्र धावफलकाबरोबर करारही पाहावा. जुलै २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली. ती जागा भरण्यासाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुणे व राजकोट हे संघ केवळ दोन हंगामांसाठी दिले गेले. बोली उलटी होती: मंडळाकडून कमीत कमी रक्कम मागेल त्याला संघ. कोलकात्याचे उद्योगपती संजीव गोएंका यांनी पुण्यासाठी उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे घेण्याऐवजी देण्याची तयारी दाखवली. मुदत सर्वांना ठाऊक होती. २०१८ मध्ये चेन्नई व राजस्थान परतले आणि पुण्याचा संघ संपला. तो सामना जिंकला असता तरी संपलाच असता.

यातून आपल्या धंद्यासाठी तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, कोरा माल आणि नाव छापलेला माल एक नव्हे. कोरे पॉलिस्टर यंदा न खपले तर पुढच्या वर्षी खपते. सब्लिमेशन छपाईत रंग धाग्यात उतरतो, तो परत निघत नाही. म्हणून कापड कोरे ठेवावे आणि ऑर्डर हातात आल्यावरच छापावे.

दुसरी, संघाचे नाव व चिन्ह ही मालकाची मालमत्ता असते. परवानगीशिवाय ते छापणे आणि तसा माल विकणे, दोन्ही १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. चार दिवसांच्या नफ्यासाठी ही जोखीम परवडणारी नाही.

तिसरी, गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांचे संघ दरवर्षी जर्सी शिवून घेतात. हे काम छोटे, पण उजळ माथ्याने करता येणारे आहे. मात्र खेळाडूंची नावे टाकलेली जर्सी दुसरा कोणी घेत नाही, म्हणून निदान कापड व छपाईचा खर्च निघेल एवढा बयाणा आधी घ्यावा, नावांची यादी लेखी घ्यावी आणि मगच कात्री चालवावी.

गोएंकांनी २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना घेतला. मोठ्या भांडवलाला दुसरा डाव मिळतो. छोट्या कारखानदाराचे भांडवल एका हंगामाच्या मालात अडकले, तर पुढच्या महिन्याची कारीगरांची मजुरी अडते. म्हणून मैदानातला गलबला ऐकून कापड कापण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या नावाची मुदत किती?