घराच्या पहिल्या रकमेची बेगमी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण रूढ झाली, त्या काळी गृहकर्ज ही गोष्ट सामान्य माणसाच्या परिचयाची नव्हती. घराची सारी रक्कम ज्याची त्यानेच उभी करावयाची असे. नोकरदार माणूस निवृत्तीच्या वेळी हाती येणारा भविष्य निर्वाह निधी व उपदान यांवर विसंबून राही आणि तोवर उमेदीची सारी वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत सरत.

या परिस्थितीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न आपल्या राज्यात फार पूर्वीच सुरू झाले. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि परस्पर सहकार्याने घर मिळविता येते, हे मध्यमवर्गाने प्रथमच अनुभवले. १९७७ साली महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, अस्तित्वात आले. त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने केवळ गृहकर्ज देणारी एक वित्तसंस्था मुंबईत सुरू झाली. पुढे बँकाही या क्षेत्रात उतरल्या. आज तिशीतील शिक्षक किंवा ग्रामसेवक वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेऊन घराचा मालक होऊ शकतो.

तथापि, कर्जाची सोय झाली तरी सारी किंमत कर्जातून भागत नाही. आरंभीची रक्कम खरेदीदाराने स्वतः घालावी लागते. बँकेच्या व्यवहारात तिला 'मार्जिन' आणि बोलण्यात 'डाऊन पेमेंट' म्हणतात. दरमहाचा प्रपंच सांभाळून ही रक्कम कशी जमवावी, हा अनेक कुटुंबांपुढील प्रश्न आहे. त्याचा क्रमवार विचार येथे करावयाचा आहे.

पहिली रक्कम नेमकी किती?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावरील कर्जात ७५ टक्के रक्कम बँकेस देता येते. यावरून 'दहा टक्के जमले की झाले' असा अनेकांचा समज होतो. हा समज बहुतेक वेळा महागात पडतो. घराची किंमत दहा लाखांहून अधिक असेल, तर मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च कर्जासाठीच्या या मूल्यात धरला जात नाही. तो सर्व खर्च स्वतःच्याच खिशातून करावा लागतो.

उदाहरणादाखल, जिल्ह्याच्या ठिकाणी बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत २८ लाख रुपयांचे घर घ्यावयाचे आहे, असे समजू. मुद्रांक शुल्काचा दर स्थळानुसार बदलतो. येथे तो सहा टक्के धरला आहे.

स्वतःचा किमान हिस्सा (१० टक्के) : २,८०,००० रुपये
मुद्रांक शुल्क (६ टक्के) : १,६८,००० रुपये
नोंदणी फी (१ टक्का) : २८,००० रुपये
वस्तू व सेवा कर (१ टक्का) : २८,००० रुपये
कर्जप्रक्रिया, कागदपत्रांची तपासणी, वीजजोडणी, सामान हलविणे इत्यादी (अंदाजे) : ५६,००० रुपये
एकूण : ५,६०,००० रुपये

म्हणजे दहा टक्क्यांचे वीस टक्के झाले. ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या व क्षेत्रफळाच्या मर्यादेत बसणाऱ्या परवडणाऱ्या घरांवर वस्तू व सेवा कर एक टक्का आहे, तर बांधकाम चालू असलेल्या इतर घरांवर तो पाच टक्के आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नाही. तसेच निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. वरील उदाहरणात ही सवलत २८,००० रुपयांची होईल. यासाठी घर पाहण्यापूर्वी हा तक्ता कागदावर मांडणे हितावह ठरते.

उरलेल्यातून बचत होत नाही

आता याच घराची इच्छा धरणाऱ्या एका कुटुंबाचा जमाखर्च पाहू. पती-पत्नींचे मिळून मासिक उत्पन्न ४८,००० रुपये आहे.

घरभाडे : ८,००० रुपये
किराणा, दूध, भाजीपाला व गॅस : १३,००० रुपये
मुलांचे शिक्षण : ५,००० रुपये
वीज, दूरध्वनी व प्रवास : ४,५०० रुपये
वडीलधाऱ्यांचे औषधपाणी व गावी पाठवावयाची रक्कम : ३,५०० रुपये
एकूण : ३४,००० रुपये

कागदावर १४,००० रुपये शिल्लक दिसतात. प्रत्यक्षात महिनाअखेर हाती काहीच उरत नाही आणि पैसा कोठे गेला याचा उलगडा होत नाही. हा पैसा सहसा उधळपट्टीत जात नाही. जूनमध्ये शाळेचे शुल्क, गणवेश व वह्या-पुस्तके येतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांची रांग असते. विम्याचा वार्षिक हप्ता, गावची यात्रा, लग्नसराईतील आहेर, दुचाकीची दुरुस्ती हे खर्च महिन्याच्या हिशेबात दिसत नाहीत, पण वर्षातून एकदा हटकून येतात. या सर्वांचे वर्षाला ४८,००० रुपये धरले, तर महिन्याला ४,००० रुपये झाले. म्हणजे खरी शिल्लक १०,००० रुपयांची आहे.

या वार्षिक खर्चासाठी दरमहा ४,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. त्यामुळे दिवाळी आली म्हणून घराच्या बचतीला हात लावण्याची वेळ येत नाही. उरलेले १०,००० रुपये मात्र पगार जमा होताच, किराण्याची यादी करण्यापूर्वी, बाजूला पडले पाहिजेत. महिनाअखेर उरेल ते साठवू, असे म्हणणाऱ्याजवळ सहसा काही साठत नाही.

आणखी एक दक्षता आहे. घराचा निधी आणि अडीअडचणीचा निधी एकच असू नये. घरातील एका आजारपणाने तीन वर्षांची बचत वाहून गेल्याची उदाहरणे आपण आजूबाजूला पाहतो. म्हणून आरंभीच्या दहा महिन्यांच्या शिलकेतून एक लाख रुपये, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचा खर्च, प्रथम वेगळा ठेवावा. घराची बचत त्यानंतर सुरू करावी. हा विलंब खटकतो, परंतु पुढील वाटचाल त्यामुळेच सुरक्षित होते.

बचत हीच हप्त्याची तालीम

या बचतीचा एक उपयोग सहसा लक्षात घेतला जात नाही. आपणास किती किमतीचे घर झेपेल, याचे माप तीच देते.

वरील घरासाठी २५ लाख २० हजारांचे कर्ज लागेल. साडेआठ टक्के व्याजदर व वीस वर्षांची मुदत धरल्यास दर लाखास सुमारे ८६८ रुपये, म्हणजे एकूण सुमारे २१,९०० रुपयांचा मासिक हप्ता पडतो. आजचे भाडे ८,००० रुपये आहे. म्हणजे घर घेतल्यानंतर दरमहा १३,९०० रुपये अधिक काढावे लागतील. जे कुटुंब आज १०,००० रुपयेच बाजूला काढू शकते, ते उद्या १३,९०० रुपये कोठून आणणार? बँक कर्ज मंजूर करील, पण ओढाताण घरालाच सोसावी लागेल.

म्हणून हिशेब उलट बाजूने करावा. भाड्याचे ८,००० आणि बचतीचे १०,००० मिळून १८,००० रुपयांचा हप्ता झेपतो. या हप्त्यात सुमारे २० लाख ८० हजारांचे कर्ज बसते. त्यात स्वतः जमविलेले ५ लाख ६० हजार मिळविले आणि कर व इतर खर्च वजा केला, तर सुमारे २४ लाखांचे घर या कुटुंबाच्या आवाक्यात येते. २८ लाखांचे घर मनात भरले असेल, तर पर्याय दोनच आहेत. उत्पन्न वाढेपर्यंत थांबावे, किंवा स्वतःचा हिस्सा अधिक जमवावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश येथे अंकगणिताच्या रूपाने समोर येतो.

बचतीची रक्कम वर्षानुवर्षे तीच राहू देऊ नये. वेतनवाढ किंवा महागाई भत्त्याचा हप्ता मिळाला की त्यातील काही भाग बचतीत वळवावा. दरमहा १०,००० रुपये कायम ठेवले, तर ५ लाख ६० हजार जमण्यास व्याजाविना ५६ महिने लागतात. दरवर्षी मासिक बचतीत केवळ एक हजाराची वाढ केली, तर चार वर्षांतच मुद्दल ५ लाख ५२ हजार होते आणि व्याजाने उरलेली तूट भरून निघते. घरांच्या किमती वाढत असताना हे आठ महिने मोलाचे असतात.

पैसा कोठे ठेवावा?

चार-पाच वर्षांत लागणाऱ्या या रकमेची सुरक्षितता प्रथम पाहावी, व्याज त्यानंतर. टपाल कार्यालयाची पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते. तिचा व्याजदर केंद्र शासन तिमाहीस जाहीर करते. तीन वर्षांनंतर ती मुदतीपूर्वी बंद करता येते, मात्र तसे केल्यास व्याज कमी मिळते. बँकेतील ठेवीस प्रत्येक बँकेत दर ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाखाची होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे. पतसंस्थांना मात्र ते लागू नाही. एक-दोन टक्के अधिक व्याजासाठी सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवण्यापूर्वी हा भेद ध्यानी घ्यावा.

भिशीची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि नियमितपणे पैसे बाजूला काढण्याची सवय तिने अनेकांना लावली आहे. तथापि, ती परस्परविश्वासावर चालते. एका सभासदाने हात वर केले की सर्वांचे नुकसान होते. घरखर्चातील लहान गरजांसाठी भिशी ठीक आहे, घराच्या निधीसाठी नव्हे.

नोकरदारांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीचे नियम समजून घ्यावेत. घरासाठी त्यातून रक्कम काढण्याची तरतूद आहे. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर आलेल्यांना सर्वसाधारणपणे हा निधी नसून निवृत्तिवेतनाची अंशदायी योजना लागू आहे. त्यांना तेथून मिळणारी रक्कम मर्यादित असते. म्हणून त्यांनी स्वतंत्र बचतीस लवकर आरंभ करणे अगत्याचे आहे.

शासकीय साहाय्याविषयीही स्पष्टता हवी. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) हिच्या दुसऱ्या टप्प्यात पात्र कुटुंबांना व्याजावर कमाल १ लाख ८० हजारांचे अनुदान मिळते. परंतु ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. त्यामुळे पहिली रक्कम कमी होत नाही. त्या भरवशावर घराचे पैसे भरण्याची तारीख ठरवू नये.

उत्पन्न हंगामी असल्यास

शेतकरी, शेतमजूर व लहान व्यापारी यांना दरमहा ठरावीक रक्कम काढणे अवघड जाते. त्यांनी रकमेऐवजी वाटा ठरवावा. उसाचे बिल, कापूस-सोयाबीनची पट्टी किंवा दुधाचा पगार हाती आला की त्याचा ठरलेला हिस्सा, मग तो दहावा असो वा पाचवा, त्याच आठवड्यात मुदत ठेवीत टाकावा. मात्र पुढील हंगामाचे बी-बियाणे व खते यांची तजवीज आधी करावी. अन्यथा एका हाताने घरासाठी साठवावयाचे आणि दुसऱ्या हाताने सावकाराकडून पेरणीसाठी उचलावयाचे, असा प्रकार होतो.

जमलेली रक्कम देताना

पाच वर्षांची काटकसर एका दिवसाच्या घाईने बुडू शकते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार विक्रीचा करारनामा नोंदविल्याखेरीज विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. प्रकल्पाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पैसे धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावेत व पावती घ्यावी.

ग्रामीण भागात आणि शहरांच्या सीमेवर गुंठा-दोन गुंठ्यांचे भूखंड केवळ नोटरी केलेल्या कागदावर विकले जातात. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा पुरावा आहे, मालकीहक्काचा नव्हे. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, जमीन अकृषिक असल्याचा आधार आणि बांधकाम परवानगी पाहिल्याविना एक रुपयाही देऊ नये.

शेवटी, पहिली रक्कम उसनी आणण्याचा मोह टाळावा. वैयक्तिक कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून स्वतःचा हिस्सा भरला, तर पहिल्याच महिन्यापासून दोन हप्ते सुरू होतात. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च व मालमत्ता कर यांची भर पडते. असे घर ताब्यात येते, पण स्वास्थ्य हरवते.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्याकडे लोक विश्वासाने सल्ला मागण्यास येतात. अशा वेळी वरील दोन तक्ते, म्हणजे घराच्या खऱ्या खर्चाचा आणि संसाराच्या खऱ्या शिलकेचा, त्या कुटुंबाकडून कागदावर मांडून घ्यावेत. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास त्यासाठी दिला, तरी कित्येक कुटुंबांची फसगत टळेल. जे कुटुंब दोन-तीन वर्षे ठरलेली रक्कम न चुकता बाजूला काढते, त्याला आपल्या ऐपतीचा अंदाज नेमका आलेला असतो. कर्जाच्या कागदावर सही करताना त्याच्या मनात भीती राहत नाही, कारण तो हप्ता भरण्याची सवय त्याने आधीच अंगी बाणविलेली असते.